तीन अंतिम सामने आणि एक गोल

बेळगावशी आम्हा गोवेकरांचं नातं जुनं. पोर्तुगीज अमदानीत इंग्रजी शिकायचं तर मुलांना घाट चढावा लागे, आणि घाट चढला की पहिलं मोठं गाव बेळगाव. आमच्या घरातली एक पिढी तिथूनच मॅट्रिक झाली. पुढे बहीणही तिकडेच दिली, कंग्राळीला. कंग्राळी म्हणजे बेळगावच्या उत्तरेला, मार्कंडेय नदीकडच्या अंगाला असलेलं गाव. खुर्द आणि बुद्रुक अशी त्याची दोन अंगं. आता शहर इतकं पसरलंय की बेळगाव कुठे संपलं आणि कंग्राळी कुठे सुरू झाली ते रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. पण गल्लीत शिरलं की बोली तीच, ते 'बघा' आणि 'की' लावून बोलणं तेच.

मध्यंतरी चोर्ला घाटातून बहिणीकडे गेलो तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. भाचा दहावीला. शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर. (शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. पोरांचा पराभव आहे, त्याची जाहिरात कशाला?) तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, आणि विभागाच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी कॉर्नरवर एक गोल खाऊन ही मंडळी परत आली. ०-१. दोन दिवस झाले होते तरी पोरगा धड जेवत नव्हता. पॅड दाराशी तसेच पडलेले. त्यांना हात लावायचीही कुणाची छाती होत नव्हती.

"दिसला नाही का बॉल?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"दिसला की मामा. पाय पोचला नाही बघा."

झालं असं की ही मुलं मुरमाच्या मैदानावर खेळून तयार झालेली आणि सामना होता टर्फवर. मुरमावर चेंडू उडतो, अडखळतो, वाट बदलतो, त्यामुळे गोलकीपर क्षणभर थांबून बघायला शिकतो. टर्फवर तो क्षण मिळतच नाही. हे दुखणं एकट्या कंग्राळीचं नाही. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिकमधली हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारताचा संघ तिथे सातवा आला. पण ते पुराण आज लावत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच, आणि ते सुचलं बहिणीच्या सासऱ्यांमुळे. हे गृहस्थ पलटणीतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं. नातवाकडे बघत ते एवढंच म्हणाले, "रोमला लक्ष्मणला बी एकच बसला होता."

पोराला काही कळलं नाही. मला अर्धवट कळलं. घरी आल्यावर पुस्तकं काढून बसलो, तेव्हा त्या एका वाक्यात किती भरलंय ते ध्यानात आलं.

आधी हे पाहू, की कंग्राळीच्या घरात हॉकी आली कुठून. आपल्याकडे गोव्यात फुटबॉल, तशी बेळगावात हॉकी छावणीबरोबर आली. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि मग तिथे लष्कराचं मोठं ठाणं झालं. हिंदुस्थानात हॉकी रुजवली ती इंग्रज सैन्यानेच. कलकत्त्याची बेटन कप स्पर्धा १८९५ ची, मुंबईची आगाखान कप १८९६ ची. १९२२ साली मराठ्यांच्या पलटणींची फेररचना झाली आणि रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आलं. तेच आजचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. आसपासच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या पोरं तिथे भरती होत आली. जाताना ती कुस्ती घेऊन गेली आणि परत येताना हॉकीची स्टिक घेऊन आली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. (जाता जाता आपल्या संबंधाचं एक सांगतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करायला जे सैन्य आलं त्याची जमवाजमव याच बेळगावात झाली होती.)

लक्ष्मण म्हणजे शंकर लक्ष्मण. जन्म ७ जुलै १९३३ चा, मध्य प्रदेशातल्या महूचा. महू हीदेखील छावणीच. १९४७ मध्ये हा पोरगा सैन्यात शिरला तो बँडवाला म्हणून. आधी फुटबॉल खेळायचा, मग हॉकीत गोलकीपर झाला. त्याची पलटण मराठा लाइट इन्फंट्री, म्हणून महूच्या या माणसाला बेळगावकर बिनदिक्कत आपल्यात धरतात. गावाच्या ऑलिंपिकवीरांची नावं मोजताना त्याचं नाव घेतात. मला यात काही गैर वाटत नाही. माणूस जिथे जन्मतो तिथला असतो तसा ज्या पलटणीचा असतो तिथलाही असतो.

लक्ष्मण तीन ऑलिंपिक खेळला. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो. तिन्ही वेळा भारत अंतिम सामन्यात होता, तिन्ही वेळा समोर पाकिस्तान होता आणि तिन्ही वेळा भारताच्या गोलात हाच होता. मेलबर्नला भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. अंतिम सामना १-० असा सुटला, रणधीरसिंग जेंटलच्या पेनल्टी कॉर्नरवर. तोवर भारताची सहा सुवर्णपदकं झाली होती आणि १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमपासून ऑलिंपिकमध्ये एकही सामना भारताने गमावला नव्हता. त्यातल्या १९४८ च्या संघाबद्दल आपण गोमंतकीयांनी थोडं मिरवायला हरकत नाही. गोलात मूळचा गोमंतकीय लिओ पिंटो, संघात वॉल्टर डिसोझा. स्वतंत्र भारताचं ते पहिलं सुवर्ण. गोवा अजून सालाझारच्या मुठीत होता आणि गोव्याची माणसं वेम्बलीवर भारताचा तिरंगा चढवत होती.

तर रोम. लेस्ली क्लॉडियसचा संघ डेन्मार्कला १०-०, हॉलंडला ४-१, न्यूझीलंडला ३-० असा हरवत पुढे गेला. मग मात्र दमछाक सुरू झाली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळेत कसाबसा एक गोल, ब्रिटनविरुद्ध एकच गोल. आकडे नीट वाचणाऱ्याला तिथेच अंदाज यावा. सलग तीस सामने जिंकून झाले होते, एकतिसावा राहिला होता. ९ सप्टेंबर १९६० ला अंतिम सामन्यात सुरुवातीलाच पाकिस्तानच्या नसीर बुंदाने गोल केला. त्यानंतर उरलेला सगळा वेळ भारताचे फॉरवर्ड पाकिस्तानच्या डीमध्ये धडका मारत राहिले, आणि काही झालं नाही. ०-१. बत्तीस वर्षांची परंपरा त्या एका चेंडूबरोबर जाळीत गेली.

गोलकीपरचं हे मोठं विचित्र आहे. पुढच्या पाच जणांनी तासभर संधी दवडल्या तर त्या मोजायला कुणी बसत नाही. याच्या पायाशी एकच चूक होते आणि ती धावफलकावर चढते. बरं, ती चूक तरी असते का? त्या काळी हेल्मेट नाही, छातीला कवच नाही. पायाला पॅड, हातात मोजे आणि स्टिक. एवढ्यावर हा माणूस उभा राहायचा. देशाला रुपेरी पदक मिळालं होतं आणि देशाने ते पदक म्हणून पाहिलंच नाही, पराभव म्हणून पाहिलं. आज हे पटायला जड जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने जर्मनीला ५-४ हरवून कांस्य मिळवलं तेव्हा ४१ वर्षांनी पदक आलं म्हणून आपण पेढे वाटले, आणि गोलकीपर श्रीजेश गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर चढून बसला ते चित्र घराघरांत गेलं. वाटले ते बरंच झालं. पण १९६० च्या रुप्याला तो मान मिळाला नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

१९६२ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा पाकिस्तान, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, या वेळी ०-२. म्हणजे रोमचा डाग धुवायला गेले आणि दुसरा लावून आले. त्यानंतर टोकियो, २३ ऑक्टोबर १९६४. भारताच्या त्या संघात बंडू पाटील होता. बेळगावात जन्मलेला, अस्सल आपल्या सीमाभागातला. गोलात लक्ष्मण. दुसऱ्या सत्रात पृथिपालसिंगने मारलेला कॉर्नर पाकिस्तानी बचावपटूच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलालने तो घातला. मग पाकिस्तानने जे हल्ले चढवले ते लक्ष्मणने एकामागून एक परतवले. १-०.

आता जरा हिशेब मांडा. तीन ऑलिंपिक अंतिम सामने. १-०, ०-१, १-०. तिन्हींत मिळून लक्ष्मणच्या गोलात गेलेला चेंडू एकच. जगातल्या कुठल्याही गोलकीपरने हेवा करावा असा हा आकडा. आणि त्याच एका चेंडूने रोमचा सामना गेला. कंग्राळीच्या म्हाताऱ्याने नातवाला नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त पाच-सहा शब्दांत.

पण मला त्या वाक्यात एक अडचण दिसते, आणि ती लपवून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. लक्ष्मणला रोमनंतर टोकियो मिळालं. मधली चार वर्षं त्याला पलटणीने सांभाळलं, मैदान दिलं, खुराक दिला, निवड समितीने पुन्हा उभं केलं. दहावीच्या पोराला कोण उभं करणार? शाळेची हॉकी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढते आणि ज्या पायरीवर हरलात तिथे वर्ष संपतं. नववीचा पोरगा म्हणू शकतो की पुढल्या वर्षी बघून घेऊ. दहावीच्या पोरासमोर बोर्डाची परीक्षा असते, मग कॉलेज, आयटीआय किंवा भरती. त्या संघातली अर्धीअधिक मुलं यापुढे हातात स्टिक धरणार नाहीत. मोठ्यांच्या पराभवाला पुढचा हंगाम असतो, शाळकरी पराभवाला बहुधा नसतो. 'त्यात काय एवढं, पुढे खूप सामने आहेत' असं आपण मोठी माणसं त्यांना सांगतो ते साफ खोटं असतं आणि पोरांना ते कळतं. म्हणूनच भाचा जेवत नव्हता. खरं सांगायचं तर त्याची समजूत घालणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्याला परिस्थिती जास्त नीट समजली होती.

आणि लक्ष्मणलाही शेवटी पुढचा हंगाम मिळाला नाहीच. टोकियोनंतर तो कळसाला होता. अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता, भारताचं नेतृत्व करणारा पहिला गोलकीपर. तिथेही अंतिम सामना पाकिस्तानशीच, जादा वेळेत १-०, आणि आशियाई स्पर्धेतलं भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्ण. १९६७ मध्ये पद्मश्री. एवढं झाल्यावर १९६८ च्या मेक्सिकोच्या संघात त्याचं नाव नव्हतं. त्या संघाला दोन-दोन कर्णधार होते, पृथिपालसिंग आणि गुरबक्षसिंग, असला अजब कारभार. भारत पहिल्यांदाच अंतिम सामन्याबाहेर राहिला आणि कांस्य घेऊन आला. लक्ष्मण असता तर वेगळं झालं असतं असं मी म्हणत नाही. 'असतं तर'ला इतिहासात जागा नाही. मात्र त्याला बोलावणं आलं नाही, एवढं खरं.

त्याने हॉकी सोडली. पलटणीत राहिला, १९७९ मध्ये कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आणि महूला परतला. शेवटची वर्षं हलाखीत गेली. पायाला गँगरीन झालं. ज्या पायांनी पाकिस्तानचे फटके परतवले तेच पाय. २९ एप्रिल २००६ ला तो महूतच गेला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, दोन दिवस हळहळ झाली. असो.

निघायच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. शाळेतला एक लहानसा मुलगा सायकलवरून आला आणि दारात घुटमळत उभा राहिला. आठवीचा असावा. सरांनी पॅड न्यायला पाठवलं म्हणाला. पॅड शाळेचेच, परत करायचेच होते. भाचा आतून आला, पॅड उचलले, एका पॅडचा पट्टा तुटायला आला होता तो दाखवला. "हा आत नीट ओढून बांध. सैल राहिला तर पाय वळत नाही."

मुलाने मान डोलावली. पॅड कॅरियरला लावायला भाच्यानेच सुतळी आणून दिली. सायकल गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तो दारात उभा होता. मग आत जाऊन बहिणीला म्हणाला, "आई, भाकरी हाय का?"