नामखुणा आणि शोध : आख्यानकाव्याच्या पोथ्या व फॅन फिक्शनची भांडारे

एकाच कथेवर अनेकांनी रचना केली, म्हणजे वाचकापुढे निवडीचा आणि अभ्यासकापुढे ओळखीचा प्रश्न उभा राहतो. प्राचीन मराठी वाङ्मयात हा प्रश्न पावलोपावली भेटतो. सतराव्या शतकातील बीडचा कवी विठ्ठल, ज्यास वाङ्मयेतिहासात विठ्ठल बीडकर म्हणतात, त्याने 'रुक्मिणीस्वयंवर' रचिले. एकनाथांनी ह्याच नावाचे काव्य इ. स. १५७१ मध्ये काशी येथे पूर्ण केले होते. आणि त्याच्याही सुमारे पावणेतीनशे वर्षे आधी, यादवकाळात, महानुभाव कवी नरेंद्र ह्याने आपल्या ग्रंथास तेच नाव दिले होते. कथा एक, नाव एक. परंतु कवी, काळ व दृष्टी भिन्न. वेष्टनावर केवळ 'रुक्मिणीस्वयंवर' एवढीच अक्षरे असलेली पोथी हाती आली, तर ती कोणाची, हे त्या अक्षरांवरून कळत नाही.

हा प्रश्न जुना असला तरी संपलेला नाही. संगणकाच्या महाजालावर गेल्या काही दशकांत 'फॅन फिक्शन' नावाचे विपुल लेखन साठले आहे. प्रसिद्ध कादंबरी, चित्रपट किंवा पुराणकथा ह्यांतील पात्रे व प्रसंग घेऊन रसिक वाचकांनी स्वतः रचलेल्या नव्या कथा, असे त्याचे स्वरूप आहे. जुन्या कवीच्या भक्तिभावाची वा पांडित्याची तुलना ह्या हौशी लेखनाशी करण्याचे कारण नाही. तथापि, एका सर्वपरिचित कथेवर शेकडो रचना होणे ही परिस्थिती दोहोंत समान आहे, आणि म्हणून हवी ती रचना शोधावी कशी, हा व्यवहारही समान आहे. महाभारत व रामायण ह्यांवरील अशा कथा तर त्या भांडारांत आजही भर घालीत आहेत.

ह्या भांडारांपैकी दोहोंच्या पद्धती परस्परांहून अगदी वेगळ्या आहेत. इ. स. १९९८ मध्ये सुरू झालेले 'फॅनफिक्शन डॉट नेट' ठरीव कप्प्यांवर उभे आहे. लेखकाने मूळ कथाविश्व निवडावे, दिलेल्या यादीतून अधिकांत अधिक चार पात्रे व दोन रसप्रकार निवडावे, आणि वाचकवर्गाची पायरी सांगावी. यादीत नसलेले काही सांगावयाचे असेल, तर ते सारांशाच्या दोन ओळींत कोंबावे लागते. 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही संस्था इ. स. २००७ मध्ये स्थापन झाली. तिने चालविलेले 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' इ. स. २००९ पासून सर्वांस खुले आहे. तेथे वाचकवर्गाची पायरी आणि काही विवक्षित इशारे ठरीव आहेत. परंतु कथाविश्व, पात्रे, नातेसंबंध आणि इतर विशेष ह्यांचे टॅग, म्हणजे नामखुणा, लेखकाने आपल्या शब्दांत लिहावयाच्या असतात.

अशा मोकळिकीत गोंधळ अटळ असतो. एकाच पात्रास कोणी पूर्ण नावाने, कोणी टोपणनावाने, कोणी भलत्याच वर्णविन्यासाने संबोधितो. ह्यावर त्या भांडाराने काढलेला उपाय लक्षणीय आहे. तेथील स्वयंसेवक एका अर्थाच्या अनेक खुणांपैकी एक प्रमाण म्हणून ठरवितात आणि बाकीच्या तिच्याशी पर्याय म्हणून जोडतात. लेखकाने लिहिलेली खूण त्याच्या कथेवर जशीच्या तशी राहते. जोडणी केवळ शोधाच्या पाठीमागे असते. वाचकाने कोणतेही रूप शोधले तरी त्यास सर्व कथा सापडतात, आणि नको असलेल्या खुणेच्या कथा वगळताही येतात. ह्या भांडारास इ. स. २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्या ठिकाणी खुणा मोकळ्या पण त्या जुळविणारे कोणी नाही, तेथे एका अर्थाच्या अनेक खुणा विखुरलेल्याच राहतात.

आता जुन्या काव्याकडे वळावे. तेथे पहिली नामखूण म्हणजे ग्रंथाचे नाव, आणि ते बहुधा कथेवरून पडते. त्याची मर्यादा उघड आहे. महदाइसेच्या 'धवळ्यां'चा विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाह हाच आहे. परंतु त्या रचनेचे नाव गीतप्रकारावरून पडले. तिची दुसरी रचना मात्र 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' ह्या नावाने ओळखली जाते. म्हणजे एकाच कवयित्रीच्या एकाच विषयावरील दोन रचनांपैकी एक विषयाच्या नावाने सापडते व दुसरी सापडत नाही. उलट भास्करभट्ट बोरीकराच्या 'शिशुपाळवधा'त नावाने सूचित होणाऱ्या वधापेक्षा कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगाराचा विस्तार डोळ्यांत भरतो. हा ग्रंथ चांगला असला तरी विरक्तांच्या उपयोगाचा नव्हे, असा अभिप्राय त्यास स्वपंथीयांकडून मिळाल्याची कथा प्रसिद्ध आहे. ग्रंथ कोणत्या वाचकास योग्य, हे सांगण्याची गरज आजच्या भांडारांनीच प्रथम ओळखली असे नाही.

दुसरी नामखूण म्हणजे कवीची मुद्रा. 'एका जनार्दनी' ह्या दोन शब्दांत कवी व गुरू ह्या दोघांची ओळख पटते. अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या पदांत मात्र 'दिगंबर' ही त्यांच्या उपास्यदेवतेच्या नावाची मुद्रा येते. ज्यास हे ठाऊक नाही, तो दासोपंतांची पदे हाती असूनही ओळखणार नाही. मुद्रा सारखी असली की घोटाळा अधिक गंभीर होतो. संत नामदेव आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा ह्या दोघांच्या रचना 'नामा' ह्या एका नावाखाली मिसळल्या गेल्या, आणि त्या वेगळ्या करण्याचे काम अभ्यासकांच्या वाट्यास आले. मुद्रेचे मोल जुन्या काळासही कळत होते. नरेंद्राचे काव्य आपल्या नावावर व्हावे म्हणून रामदेवरावाने ओवीमागे सुवर्णनाणे देऊ केले आणि कवीने ते नाकारले, अशी कथा महानुभाव परंपरेने जपून ठेविली आहे.

तिसरी खूण स्थळकाळाची. 'विवेकसिंधू'चा काळ शके १११० असा परंपरेने मानला जातो, आणि कर्ता मुकुंदराज ह्याची समाधी अंबाजोगाईस दाखवितात. ग्रंथाशी निगडित असलेले 'अंबानगर' म्हणजे अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरा, ह्याविषयी विद्वानांत वाद झाला. एक स्थलनाम दोन गावांस लागू पडले, एवढेच त्या वादाचे मूळ.

सारांश, जुन्या पोथ्यांस खुणांचा तुटवडा नव्हता. त्या खुणा परस्परांशी जोडणारा कोणी नव्हता. ते काम पुढे वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, गो. का. चांदोरकर आदी संशोधकांनी केले. कोणता विठ्ठल, कोणता नामा, कोणते स्वयंवर, हे ठरविताना त्यांनी जे केले, तेच आज ते स्वयंसेवक करीत असतात. भेद एवढाच की, स्वयंसेवकास लेखक हयात असताना हे करिता येते, आणि संशोधकास तीनचारशे वर्षांनी, फाटक्या पानांवरून करावे लागले.

ह्या कामात एक मोह नेहमी असतो, आणि तो म्हणजे प्रमाण रूप ठरविताच मूळ रूप पुसून टाकण्याचा. ह्या बाबतीत बीडनजीकच्या पाटांगण येथील ज्ञानेश्वरीच्या पोथीचे उदाहरण बोलके आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठभेदांच्या अरण्यात ते कार्य अत्यंत मोलाचे होते. परंतु राजवाड्यांनी पाटांगणच्या पोथीवरून जेव्हा ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा त्यांस ओढ होती ती एकनाथपूर्व भाषेची, प्रमाण पाठाखाली झाकल्या गेलेल्या जुन्या रूपांची. शुद्ध प्रत आणि जुनी प्रत ह्या दोहोंची आवश्यकता असते. एकीमुळे वाचकास वाट सापडते, दुसरीमुळे मूळ वस्तू टिकते. दोन्ही रूपे एकत्र ठेवून केवळ त्यांचे नाते नोंदविणे, हा जो मार्ग त्या भांडाराने स्वीकारला, त्याचे महत्त्व येथे प्रत्ययास येते.

सर्वच ग्रंथ सर्वांस सापडावे, असा कर्त्याचा वा पंथाचा हेतू असतोच असे नाही. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थ आहे. ह्या पंथाने आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत लिहून मठांत जतन केले. त्यामुळे ते सुरक्षित राहिले. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासास त्यांचा जवळजवळ पत्ताच नव्हता. आजच्या भांडारातही लेखकास आपली कथा केवळ नोंदणीकृत सदस्यांपुरती राखता येते. रक्षण आणि अज्ञातवास ह्या एकाच दाराच्या दोन बाजू आहेत.

मोकळ्या खुणांची पद्धती निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. खुणांचा अतिरेक झाला की शोधाचे पानच त्यांनी भरून जाते, इ. स. २०२१ मध्ये त्या भांडारास एका कथेवर अधिकांत अधिक ७५ खुणांची मर्यादा घालावी लागली. शिवाय ही पद्धती अनेक माणसांच्या अखंड, विनामूल्य श्रमांवर चालते. ठरीव कप्प्यांस असे श्रम लागत नाहीत, आणि नवख्या वाचकास ते सोपेही वाटतात. परंतु कप्प्यात न मावणारी रचना तेथे हरवते, जशी 'रुक्मिणीस्वयंवर' ह्या कप्प्यातून 'धवळे' हरवतात.

ह्या तुलनेचे प्रयोजन व्यावहारिक आहे. मठांतील व खासगी घराण्यांतील पोथ्यांची छायाचित्रे घेऊन त्या महाजालावर ठेवण्याचे कार्य आज होत आहे. छायाचित्राने पान वाचते. परंतु त्यास केवळ 'रुक्मिणीस्वयंवर, अपूर्ण' असे नाव दिले, तर विठ्ठलाची पोथी एकनाथांच्या असंख्य प्रतींत कायमची बुडून जाईल, आणि ती कपाटात होती तेव्हा जितकी अज्ञात होती तितकीच अज्ञात राहील. म्हणून पोथीवरील नाव, मुद्रा, स्थळ व काळ ही पोथीच्याच शब्दांत नोंदवावी. त्याशेजारी प्रमाण नाव द्यावे. जेथे कर्तृत्व संशयित आहे तेथे संशयही खूण म्हणूनच लिहावा. आणि ह्या खुणा जुळविण्याचे काम त्या प्रदेशाची भाषा व परंपरा जाणणाऱ्या माणसांकडे सोपवावे. यंत्रास अक्षरे जुळविता येतात. 'दिगंबर' म्हणजे दासोपंत, हे मात्र कोणीतरी जाणत्याने एकदा सांगून ठेवावे लागते.