आवाजाची सोयरीक

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला कारागीर पहिला प्रश्न करतो तो गळ्याविषयी. गाणार कोण, पुरुष की बाई? पट्टी कोणती, काळी एक की काळी चार? एवढे कळले की मग तो भोपळ्याकडे वळतो. पुरुषी स्वराला थोरला भोपळा, बायकी स्वराला धाकटा; तारांची जाडीही त्यावरूनच ठरते. दुकानातला सर्वांत मोठा भोपळा दाखवा, असे म्हणणारा शहाणा माणूस त्या गल्लीत अजून मला भेटलेला नाही.

हे भोपळे पंढरपुराकडून येतात, आणि ही कारागिरी आली हत्यारांकडून. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. संस्थानी लढायांचे दिवस सरले, धारेचा धंदा बसला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचे हात सतारीकडे वळले. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ हे असे पोलादात आहे.

आता या तंबोऱ्यातली गंमत पाहा. एखादी तार नुसती दोन खिळ्यांना बांधून छेडली, तर शेजारी बसलेल्यालाही ती नीट ऐकू येत नाही. तार बारीक, ती हवेला ढकलत नाही, हवा कापून जाते. तीच तार घोडीवरून तबलीवर टेकवली की तबलीचे रुंद लाकूड थरथरू लागते आणि खोली भरते. जोर तोच, बोटाने दिलेला. बाहेरून कोणी रतिभर घातलेला नाही. फक्त तारेची आणि हवेची सोयरीक जुळवून दिली. तबली जाड ठेवली तर आवाज बसतो, फार पातळ केली तर तारांच्या ताणाखाली खचते. कारागिराची सारी विद्या या दोहोंमधल्या जागेत आहे.

आपल्या या मुलखाने आवाजाचा विचार नेहमी असाच केला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा नटाचा गळा आणि छाती हीच काय ती यंत्रे होती. पुढे यंत्र आले तेही विजेवाचूनच. १९०२ साली गायस्बर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले. समोर पत्र्याचा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशी पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारे मेण. गायकाने खालच्या सुराला कर्ण्यात तोंड घालावयाचे आणि तार सप्तकात गेल्यावर पाऊल मागे घ्यावयाचे. घरी ऐकतानाही तीच तऱ्हा. नगारखान्यातल्या कर्ण्याचे नाव त्या पत्र्याच्या फुलाला मिळाले आणि पुढे मांडवातल्या लाउडस्पीकरलाही तेच चिकटले.

मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी (१८७२–१९३७) हे दोन्ही काळ पाहिले. त्यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या, कर्ण्यापुढे गायलेल्या. शेवटच्या १९३० नंतरच्या, मायक्रोफोनपुढच्या. पहिल्यांत खर्ज गळालेला आणि वरची झिलई उडालेली. दुसऱ्यांत तोच नाजूक, किंचित अनुनासिक गळा जवळ येऊन बसतो. खाँसाहेब स्वतः तंबोऱ्याची जवारी लावण्यात वाकबगार होते. सोयरीक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

मधल्या काळात घडले काय? तर १९२५ साल उजाडले. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मॅक्सफील्ड आणि हॅरिसन हे दोघे टेलिफोनच्या लांबलचक तारांचा अनुभव गाठीस घेऊन ग्रामोफोनकडे वळले. टेलिफोनवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तारेचा एक तुकडा पुढच्या तुकड्याशी जुळला नाही, तर आवाजाचा काही भाग सांध्यावरून माघारी फिरतो. या दोघांनी सुई, पडदा आणि कर्णा हे टेलिफोनच्या तारेचेच तुकडे आहेत असे मानून हिशेब मांडला आणि एकेक सांधा जुळवून घेतला. त्या हिशेबावर व्हिक्टर कंपनीने त्याच वर्षी जो फोनो विकावयास काढला, त्यात वाजविण्यासाठी वीज नव्हतीच. तरीही लोक थक्क झाले. म्हणजे आमच्या भोपळेवाल्यांचीच विद्या. फक्त ती गणिताच्या भाषेत लिहून निघाली.

त्याच वर्षी राइस आणि केलॉग यांनी आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो कागदी शंकूचा, हलत्या वेटोळ्याचा स्पीकर सिद्ध केला. या शंकूची एक खोड आहे. दिलेल्या विजेतला शंभरातला जेमतेम एक भाग तो आवाजात उतरवतो, बाकीची ऊब होऊन जाते. म्हणून त्याला मागून ढकलणारा कोणीतरी हवा, आणि तो म्हणजे ॲम्प्लिफायर. १९२६ मध्ये ही जोडी एकाच पेटीत घालून बाजारात आली. किंमत २५० डॉलर, आणि आतल्या ॲम्प्लिफायरची ताकद १ वॅट. होय, एकच! दिवाणखाने त्यावर भरत होते.

व्हॉल्व्हच्या काळात या सोयरिकीला मध्यस्थ लागत असे. व्हॉल्व्हला समोर काही हजार ओहमचा अडथळा हवा आणि स्पीकरचे वेटोळे असावयाचे चार, आठ किंवा पंधरा ओहमचे. दोघांमध्ये ट्रान्सफॉर्मर बसे. त्याच्या एका बाजूला वेढे पंचवीसपट असले, की ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५००० ओहमचा भासे. लग्नातल्या मध्यस्थानेही इतकी अतिशयोक्ती क्वचितच केली असेल!

जत्रेतला कर्णा तर फारच गुणी. तो शंकूच्या कितीतरी पट आवाज त्याच विजेत देतो, म्हणून वीस-तीस वॅटच्या ॲम्प्लिफायरवर कीर्तन शिवारापलीकडे जाई. आता त्याची जागा मिरवणुकीत भिंतीएवढ्या पेट्यांनी घेतली, आणि सातारा-सांगली-कोल्हापुराने त्यांचे नाव ठेवले ‘डॉल्बी’. ज्या रे डॉल्बीचे हे नाव, तो १९६३ ते १९६५ भारतात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार होता, आणि पुढे त्याने नाव काढले ते टेपमधली खरखर कमी करण्याच्या युक्तीवर. गोंगाट कमी करणाऱ्याच्या नावाने आम्ही गोंगाट करतो.

घरातल्या स्टिरिओची कल्पना इंग्लंडात ब्लमलाइनने १९३१ मध्ये नोंदवली होती. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ मध्ये. आपल्याकडे तो घरोघर गेला कॅसेटबरोबर. तोवर ट्रान्झिस्टर आला होता आणि त्याने मध्यस्थाला घरी पाठवले. येथे जुना नियम बदलला, हे पुष्कळांच्या अजून ध्यानात आलेले नाही. आठाला आठच जुळवावे असे आता नाही. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेला ओहमचा आकडा ही खालची मर्यादा असते. ४ वर चालणाऱ्याला ८ चा स्पीकर खुशाल जोडावा. पण ८ मागणाऱ्याला ४ चा जोडला, किंवा ८ चे दोन एकाच जागी शेजारी-शेजारी जोडले, की तो तापतो आणि एखाद्या रात्री मान टाकतो.

साताऱ्यात आमच्या आळीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सांगलीचे त्यांचे थोरले बंधू गेले आणि त्यांच्या स्पीकरची जोडी यांच्याकडे आली. ॲम्प्लिफायर मात्र केव्हाच निकामी झालेला. पेन्शनच्या पैशांत नवा घ्यावयाचा होता. ते म्हणाले, “गुरुजी, दुकानदार म्हणतो चारशे वॅटचा घ्या, पुन्हा काळजी नाही.”

“तात्या, खोली केवढी?”

“दहा बाय बारा.”

स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम आणि ८६ डेसिबल असे लिहिले होते. याचा अर्थ, १ वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. दहा डेसिबल कमी म्हणजे दहापट कमी जोर. निवांत गाणे पंचाहत्तरच्या आसपास ऐकले, तर दोघे स्पीकर मिळून वॅटचा दहावा हिस्साही पुरेसा खातात. एखादी तान वा तबल्याची थाप पंधरा डेसिबल उसळली तर जोर तीसपट लागेल, म्हणजे तीन वॅट. मोकळीक धरून पंचवीस-तीस पुष्कळ झाले. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला तेवढा फरक जेमतेम कळतो. शिवाय खोक्यावरचे हजारांचे आकडे क्षणभराच्या उसळीचे असतात. विचारावयाचा तो सतत मिळणारा, आर.एम.एस. आकडा.

पण फार दुबळा घेऊनही भागत नाही. दहा वॅटचा ॲम्प्लिफायर पुरा पिळला की लाटांची शिखरे छाटली जातात, त्या छाटणीतून नको तेवढा तीव्र स्वर जन्मतो आणि स्पीकरमधले चिमुकले ट्वीटर जळून जाते. भावाची वस्तू जळाली तर ती बाजारात पुन्हा मिळत नाही. तात्यांनी ३० वॅटचा, ४ ओहमलाही न बिचकणारा एक वापरलेला ॲम्प्लिफायर घेतला.

जोडताना एकच गोष्ट जपावयाची. लाल तार दोन्हीकडे लाल खुंटीला आणि काळी काळीला. एका स्पीकरची तार उलटी लागली तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज मधल्यामध्ये विरून जातो. खाँसाहेबांच्या तबकड्या स्टिरिओच्या आधीच्या, एकाच मार्गाच्या. दोन्ही स्पीकर तेच बोलतात. तारा सुलट असल्या की गळा डावीकडेही नसतो आणि उजवीकडेही नसतो. दोहोंच्या बरोबर मधे, जेथे भिंतीपाशी काहीच ठेवलेले नसते, तेथून तो येतो.