औरंगाबादेचें १९११ चें विमानोड्डाण व पुराव्याची कसोटी

(१)

हिंदुस्थानांत विमान प्रथम केव्हां उडालें, असा प्रश्न मराठी वाचकास केला असतां बहुधा दोनपैकीं एक उत्तर मिळतें. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं विमान उडविलें, हें एक. व अलाहाबादेस १९११ च्या फेब्रुवारींत विमानानें टपाल नेलें, हें दुसरें. परंतु अलाहाबादेच्या टपालापूर्वीं महिनाभर आधीं औरंगाबाद व जालना यांच्या टापूंत एका विमानानें लष्करी टेहळणी केली, ही गोष्ट खुद्द मराठवाड्यांतील जाणत्या मंडळींसहि क्वचितच ठाऊक असते. हें हिंदुस्थानांतील पहिलें उड्डाण नव्हे. त्यापूर्वीं १९१० सालीं मद्रासेस विमान उडालें होतें. तथापि लष्करी टेहळणीसाठीं या देशांत विमानाचा उपयोग करण्याचा हा पहिला प्रयोग होय. ज्या गोष्टीस पुरावा नाहीं ती सर्वांच्या तोंडीं आणि ज्या गोष्टीस पुरावा आहे ती विस्मृत, असें येथें कां झालें, याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

शिरूर कासार हें सिंदफणेच्या कांठचें गांव. ही नदी पुढें मांजरथ येथें गोदावरीस मिळते. आज बीड जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण असलेल्या या गांवाचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत मोडत असे, व औरंगाबाद (आजचें छत्रपति संभाजीनगर) हें त्या सुभ्याचें मुख्य ठिकाण होतें. या भागांतील मनुष्यास शत्रूच्या फौजेच्या बातमीचें मोल निराळें सांगावयास नको. गोदेच्या दक्षिण तीरावरील राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं जी लढाई झाली, तिचा निकाल बातमीनेंच ठरविला. नदीस पूर आलेला. निजामअली कांहीं फौजेनिशीं उत्तर तीरास उतरून गेलेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच अडकलेला. शत्रूची फौज अशी दुभंगली आहे, हें वेळेवर कळल्यामुळें थोरल्या माधवरावांस व रघुनाथरावांस घाव घालतां आला. विठ्ठल सुंदर रणांत पडला, आणि नदीपार झालेल्या निजामास कांहींच करतां आलें नाहीं. त्या काळीं हें काम जासूद, नजरबाज व हरकारे करीत. ज्याचा जासूद एक प्रहर आधीं पोहोंचे, त्याची सरशी होई.

राक्षसभुवनानंतर १४७ वर्षांनीं याच गोदावरीच्या खोऱ्यांत, नदीच्या उत्तरेस, जासुदाचें काम एका यंत्राकडे सोंपविण्यांत आलें.

(३)

इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं १९१० च्या आरंभीं सर जॉर्ज व्हाइट यांनीं विमानें बांधणारी कंपनी स्थापन केली. फ्रान्समधील फार्मन यांच्या नमुन्यावरून त्यांनीं जें विमान तयार केलें, त्यास लोक 'बॉक्सकाइट', म्हणजे पेटीचा पतंग, असें म्हणूं लागले. त्याचें पहिलें उड्डाण १९१० च्या जुलैअखेर झालें. त्याच महिन्याच्या ७ तारखेस पुणें येथें भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. कारण अस्सल कागदाचा आग्रह आणि विमान या दोन गोष्टी आमच्या प्रांतांत एकाच सुमारास आल्या.

आपल्या मालाचें गुण दाखवून गिऱ्हाइक मिळवावें, या हेतूनें कंपनीनें १९१० च्या अखेरीस एक टोळी ऑस्ट्रेलियाकडे व एक हिंदुस्थानाकडे पाठविली. हिंदुस्थानांतील टोळीचा वैमानिक आंरी जुलेरो हा फ्रेंच गृहस्थ होता. १९११ च्या जानेवारींत त्यानें कलकत्त्यास उड्डाणें करून दाखविलीं. तेथें तोफखान्याचा कॅप्टन सेफ्टन ब्रँकर हा त्याच्या बरोबर वर गेला. त्या वेळीं हिंदुस्थानच्या सेनेचा चीफ ऑफ दि जनरल स्टाफ डग्लस हेग हा होता. पुढें पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याचा सेनापति झाला, तोच हा. दख्खनेंत घोडदळाच्या कवायती व्हावयाच्या होत्या, त्यांत विमान न्यावें असें ठरलें, आणि विमान औरंगाबादेस आलें. जानेवारींतच जुलेरो यानें विमान हांकलें व ब्रँकर यानें वरून पाहणी केली. जनरल रिमिंग्टन याच्या पक्षासाठीं त्यांनीं प्रतिपक्षाची फौज कोठें आहे तें शोधून काढलें व परत येऊन बातमी दिली. हा रिमिंग्टन बोअर युद्धांत टेहळ्यांच्या पथकाचा नायक म्हणून नांवाजलेला. घोड्यावरून शत्रूचा माग काढण्यांत ज्याची हयात गेली, त्याच्याच हातीं आकाशांतून आणलेली बातमी पडावी, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

विमान कसलें म्हणावें तर लांकडी पट्ट्या, कापड व तारा यांचा सांगाडा. एकावर एक दोन पंख. उंची कमीजास्त करण्याची फळी पुढें. इंजिन व पंखा मागें. हांकणारा खालच्या पंखाच्या पुढल्या कडेवर उघड्यावर बसे, आणि सोबती त्याच्या पाठीशीं. वेग तासास सुमारें ४० मैल. वारा सुटला म्हणजे असें विमान आवरणें कठिण, म्हणून पहांटेची शांत वेळ साधावी लागे. तरीहि चांगल्या स्वाराला जें पाहून परतावयास अर्धा दिवस लागावा, तें या सांगाड्यानें थोड्या वेळांत पाहिलें. साडेतीन वर्षांनीं, १९१४ च्या सप्टेंबरारंभीं, जर्मन फौज पॅरिसच्या पूर्वेकडे वळल्याची बातमी विमानांनीं आणली व मार्नची लढाई त्या बातमीच्या आधारें योजली गेली. औरंगाबादेस जें कवायतींत झालें, तें तेथें खऱ्या रणांत झालें.

(४)

हें कसें शक्य झालें, याचें उत्तर पंखांत नसून इंजिनांत आहे. पंखांचें ज्ञान आधींच झालें होतें. लॉरेन्स हारग्रेव्ह हा ऑस्ट्रेलियांत १८९४ सालींच पेटीच्या पतंगांनीं जमिनीवरून उचलला गेला होता. जर्मनींत लिलिएंथाल टेंकडीवरून तरंगत येई. अडचण होती ती हलक्या शक्तीची. राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं जें विमान उडविलें, त्याचें इंजिन सुमारें १२ अश्वशक्तींचें व १८० पौंड वजनाचें होतें. म्हणजे अश्वशक्तीमागें १५ पौंड. औरंगाबादेस आलेल्या जातीच्या विमानास फ्रान्समधील सेगें बंधूंचें 'नोम' नांवाचें इंजिन असे. त्याची शक्ति ५० व वजन सुमारें १६५ पौंड; म्हणजे अश्वशक्तीमागें साडेतीन पौंडहि नव्हे. सहासात वर्षांत झालेली प्रगति या दोन आंकड्यांत सामावली आहे.

या नोम इंजिनाची रचना चमत्कारिक आहे. सामान्य इंजिनांत नळकांडीं स्थिर राहतात व आंतील दांडा फिरतो. यांत दांडा विमानास घट्ट बसविलेला, आणि त्याच्या भोंवतीं चक्राच्या आरांप्रमाणें लावलेलीं सात नळकांडीं पंख्यासह गरगर फिरत. फिरण्यामुळें वारा लागून तीं थंड होत, म्हणून पाण्याचें ओझें वांचलें. सर्व वजनच फिरत असल्यामुळें निराळें जड चाक नको, तेंहि वांचलें. नळकांडीं पोलादाच्या भरीव तुकड्यांतून कोरून कागदासारख्या पातळ भिंतींचीं केलेलीं. हवा व पेट्रोल पोकळ दांड्यांतून आंत येत आणि दट्ट्याच्या माथ्यावरील झडपेंतून नळकांड्यांत शिरत. पेट्रोलच्या वाफेंत जें विरघळत नाहीं असें वंगण लागे, व तें एरंडेलच होतें. एकदां आंत गेलेलें एरंडेल परत मिळत नसे. तें जळून व उडून बाहेर जाई आणि हांकणाऱ्याच्या अंगावर त्याचा वर्षाव होई. आपल्या शेताच्या बांधावर वाढणाऱ्या एरंडाच्या तेलावर युरोपांतील हीं नवीं यंत्रें चालत होतीं, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल.

हें सर्व विस्तारानें सांगण्याचें कारण असें, कीं विमानाच्या कोणत्याहि दाव्यास पहिला प्रश्न इंजिनाचा विचारला पाहिजे : शक्ति किती, वजन किती, आणि तें यंत्र कोणी पाहिलें?

(५)

आतां तळपद्यांच्या गोष्टीकडे वळूं. सांगतात तें असें, कीं त्यांचें 'मरुत्सखा' नांवाचें विमान मनुष्यावांचून १५०० फूट उंच गेलें. तें पाऱ्याच्या योगानें चालत होतें. न्यायमूर्ति रानडे व श्रीमंत सयाजीराव गायकवाड तेथें हजर होते. आणि 'केसरी'नें तें वृत्त छापलें. परंतु हें सांगणारे लेख उत्तरकालीन आहेत, आणि ज्या अंकाचा हवाला देतात त्याची तारीखवार प्रत त्यांच्या बरोबर दिलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. यंत्र नाहीं, त्याचें चित्र नाहीं, साक्षीदाराचें पत्र नाहीं. याच्या शेजारीं त्याच काळची दुसरी गोष्ट ठेवावी. अमेरिकेंत सॅम्युएल लँग्ले यांचें मनुष्यरहित वाफेचें विमान ६ मे १८९६ रोजीं अर्ध्या मैलाहून अधिक उडालें. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथें उभा होता. त्यानें छायाचित्र घेतलें, व त्याची साक्ष लगोलग छापली गेली. तें विमानहि आज जतन केलेलें आहे. पुरावा म्हणतात तो हा.

तळपद्यांच्या गोष्टीस पुढें एका पोथीचा आधार जोडण्यांत आला, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांस येथें विशेष सावध राहिलें पाहिजे. 'वैमानिक शास्त्र' म्हणून जो संस्कृत ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नांवावर दाखविला जातो, तो आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगितला व लिहून घेण्यांत आला. त्यांतील आकृति त्यांच्या देखरेखीखालीं बंगळूरच्या एका नकाशे काढणाऱ्यानें काढल्या. ग्रंथ १९५९ सालीं हिंदींत व १९७३ सालीं इंग्रजींत छापला गेला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्याची तपासणी केली. भाषा वैदिक नव्हे, अर्वाचीन आहे. रचना १९०४ च्या मागें नेतां येत नाहीं. आणि वर्णिलेलीं विमानें उडण्यास अपात्र आहेत, असा त्यांचा निर्णय. शास्त्रीबोवांच्या साह्यानें तळपद्यांनीं केलेल्या प्रतिकृतींपैकीं एकहि उडाली नाहीं, हें त्याच तपासणींत नमूद आहे. इतकें झाल्यावरहि २०१५ च्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या विज्ञान परिषदेंत याच ग्रंथाच्या आधारें निबंध वाचला गेला.

आम्हीं तळपद्यांची निंदा करीत नाहीं. परक्या सत्तेखालीं, साधनें तुटपुंजीं असतां, ज्या मराठी गृहस्थानें उडण्याचा ध्यास घेतला तो आदरासच पात्र आहे. परंतु न घडलेला पराक्रम माथीं मारल्यानें त्यांचा मान वाढत नाहीं; उलट त्यांनीं खरोखर काय केलें, तें शोधण्याची वाट बंद होते. बखरींतील अतिशयोक्ति काढून टाकल्यानें शिवछत्रपति लहान झाले नाहींत. अस्सल पत्रें उजेडांत आल्यावर ते अधिकच मोठे दिसूं लागले. तोच न्याय येथें लागू आहे.

(६)

अलाहाबादेचें उड्डाण लोकांच्या स्मरणांत कां राहिलें? १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके यानें सुमारें ६५०० पत्रें घेऊन यमुना ओलांडली व तीं नैनीस उतरविलीं. अंतर अवघें पांचसहा मैल. परंतु त्या प्रत्येक पत्रावर त्या दिवसासाठीं मुद्दाम केलेला शिक्का होता, आणि तीं पत्रें घरोघर गेलीं, संग्राहकांनीं जपलीं, त्यांचा व्यापार झाला. कागद टिकला म्हणून घटना टिकली. औरंगाबादेच्या उड्डाणानें असा कागद लोकांच्या हातीं ठेवला नाहीं. त्याची नोंद इंग्रजांच्या लष्करी ग्रंथांत गेली व मराठी वाचकापर्यंत आली नाहीं. त्यांतील माणसेंहि पांगलीं. ब्रँकर पुढें इंग्लंडांत नागरी विमानखात्याचा मुख्य झाला, आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजीं 'आर १०१' हें अजस्र वायुयान कराचीस येत असतां फ्रान्समध्यें कोसळून जळालें, त्यांत मरण पावला.

तेव्हां आमची विनंती जुन्या कागदांच्या संग्राहकांस आहे. घोडदळाच्या कवायती शेतांतून होतात. जानेवारींत रब्बीची जोंधळी उभी असते. अशा वेळीं वैरण, रसद, बिगार व पिकांची नुकसानी यांच्या याद्या गांवोगांवच्या पाटील-पटवाऱ्यांस कराव्या लागत. औरंगाबाद, जालना, पैठण व गोदेच्या अलीकडील बीड भागांतील जुन्या घराण्यांच्या दफ्तरांत शके १८३२, फसली १३२० या सालचे रुमाल कोणी मोडी वा फारशी-उर्दू म्हणून बाजूस ठेवले असल्यास ते एकवार सोडून पाहावे. आकाशांत काय दिसलें, याविषयीं एका पटवाऱ्याची तारीखवार एक ओळ मिळाली, तरी ती सहस्र आख्यायिकांहून अधिक मोलाची ठरेल.