तुरुंगातून सुटणाऱ्याला गाव परत कसं घेतं? कॅनडातील आदिवासी कैद्यांसाठीचं ‘कलम ८४’

आपल्याकडे ‘अमका पॅरोलवर आलाय’ म्हटलं की तो काही दिवसांच्या सुट्टीवर आला, असंच गाव समजतं. महाराष्ट्रात ते बरोबरही आहे. इथे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरात मयत झाली, कुणी गंभीर आजारी पडलं, अशा कारणाने ती मिळते आणि मुदत संपली की कैदी परत कारागृहात. कॅनडात मात्र पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा अटी पाळून बाहेर भोगणे. अट मोडली तर परत आत. तिथल्या आदिवासी कैद्याला आपल्या माणसांत परतायचं असेल, तर त्यासाठी कायद्यातच वेगळी वाट ठेवली आहे.

ही तरतूद कशासाठी?

फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटिस हे कॅनडाचे मूळ रहिवासी. लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे ५ टक्के, पण केंद्र सरकारच्या तुरुंगांत साधारण दर तीन कैद्यांमागे एक त्यांच्यातला. जमिनी गेल्या, मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवलं, भाषा तुटली, त्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांवरही झाले. आदिवासी आरोपीला शिक्षा सुनावताना हा इतिहास लक्षात घ्यावा, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘ग्लॅड्यू’ खटल्यात सांगितले. शिक्षेनंतर घरी परतण्याची सोय त्याआधीच, १९९२ च्या सशर्त सुटकेच्या कायद्यातील कलम ८४ मध्ये झाली होती.

नेमकं काय करतात?

कैद्याने ‘मला माझ्या समाजात जायचंय’ असं सांगायचं. मग तुरुंग विभागाने त्या समाजाला पॅरोलच्या सुनावणीची किंवा सुटकेची पूर्वसूचना पुरेशा मुदतीत द्यायची आणि त्याला परत घेण्याची योजना मांडण्याची संधी द्यायची. समाज म्हणजे फक्त राखीव वस्तीच नव्हे. शहरातली आदिवासी संस्थाही योजना देऊ शकते.

योजनेत साध्याच गोष्टी असतात:

- राहणार कुठे, कुणाच्या घरी?
- काम किंवा शिक्षण काय?
- दारू-नशा सोडवण्यासाठी मदत कोण करणार?
- कोणते वडीलधारे त्याच्या पाठीशी राहणार?
- ज्याच्यावर अन्याय झाला ते कुटुंब तिथेच असेल, तर त्याच्या सुरक्षिततेचं काय?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. लहान वस्तीत दोन्ही घरं एकाच रस्त्यावर असू शकतात. म्हणूनच समाजावर सक्ती नाही, तो नकार देऊ शकतो.

निर्णय कुणाचा?

पॅरोल द्यायचा की नाही, हे पॅरोल मंडळ ठरवतं. समाजाची योजना मंडळापुढे जाते. कैद्याने मागितल्यास आदिवासी वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत सुनावणी होते. सुटल्यानंतर देखरेखीची जबाबदारी सरकारी पॅरोल अधिकाऱ्याचीच राहते, ती गावाच्या गळ्यात पडत नाही.

घोडं अडतं कुठे?

वेळेवर. पूर्ण पॅरोलसाठी साधारणपणे एक तृतीयांश शिक्षा झाल्यावर अर्ज करता येतो. दोन तृतीयांश झाल्यावर बहुतेकांची कायद्याने सुटका होते. २०१६ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा बहुतेक आदिवासी कैदी पॅरोलवर न सुटता या दुसऱ्या टप्प्यालाच बाहेर येताना दिसले. म्हणजे देखरेखीखाली हळूहळू रुळायला मिळणारा काळच कमी झाला.

कारणं ओळखीची वाटतील. कैद्याला कलमच माहीत नसतं. तुरुंगातले सुधारणा वर्ग वेळेत पूर्ण होत नाहीत. उत्तरेकडच्या काही वस्त्यांना बारमाही रस्ता नाही, विमानानेच जावं लागतं. घरांची टंचाई, व्यसनमुक्तीची सोय दूर. अशा ठिकाणी इच्छा असूनही योजना लिहून देणं गावाला जड जातं.

त्यामुळे कलम ८४ चं काम सुटकेच्या दिवशी सुरू करून भागत नाही. कैदी आत आल्यापासूनच त्याला त्याची माहिती द्यावी लागते आणि गावाला विचार करायला, तयारीला पुरेसा वेळ द्यावा लागतो. तयारी न होता माणूस सुटला, तर पहिल्या रात्री तो झोपणार कुठे, इथूनच प्रश्न सुरू होतो.