फोटो मारेकऱ्यांचा, इतिहास हैतीच्या जनतेचा

कलाशाळेची पायरी न चढलेल्या काळ्या माणसाने चित्र काढले की समीक्षक त्याला 'भोळी', 'आदिम' कला म्हणून मोकळे होतात. हैतीचे चित्रकार फिलोमे ओबँ (१८९२-१९८६) यांच्यावरही हाच शिक्का बसला. अमेरिकेतील मिलवॉकी कला संग्रहालयात त्यांचे 'स्वातंत्र्यासाठी शार्लमान्य पेराल्त यांचे क्रुसारोहण' (१९७०) हे चित्र पाहताना आम्हाला त्यात भोळेपणा कुठेही दिसला नाही. दिसली ती साक्ष.

गुलामांनी लढून १८०४ साली स्वतंत्र केलेल्या हैतीवर १९१५ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक उतरले, ते १९३४ पर्यंत राहिले. रस्ते बांधण्यासाठी त्यांनी १८६४ चा जुना कायदा उकरून काढला आणि शेतकऱ्यांना दोरखंडाने बांधून फुकट राबवले. वेठ म्हणजे काय, हे महारकी भोगलेल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. पेराल्त यांनी या शेतकऱ्यांची फौज उभी केली. १९१९ मध्ये एक मरीन अधिकारी तोंडाला काळे फासून त्यांच्या छावणीत शिरला आणि त्यांना गोळ्या घातल्या. प्रेत दाराच्या फळीला बांधून फोटो काढला, त्याच्या प्रती वाटल्या. लोकांनी धास्ती घ्यावी, हा हेतू.

लोकांना मात्र त्या फोटोत क्रुसावरचा येशू दिसला. तेव्हा ओबँ सत्तावीस वर्षांचे होते. पोटासाठी त्यांनी कारकुनी केली, न्हावीकामही केले. पुढे त्यांनी मारेकऱ्यांचाच तो फोटो चित्रात घेतला आणि पेराल्त यांच्या शेजारी शोक करणारी आई उभी केली. दहशतीचा पुरावा हुतात्म्याचे स्मारक झाला.

भीमा कोरेगावचा स्तंभ तरी कोणी उभारला? कंपनी सरकारने, स्वतःच्या विजयासाठी. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडावरची नावे आमचा इतिहास बोलू लागली. कागद, फोटो, शिलालेख बहुधा सत्तेच्या हातात असतात. त्यांचा अर्थ लावण्याचा हक्क मात्र आपण सोडता कामा नये.

आपल्या वस्त्यांतल्या भिंतींवर महाडचे तळे, दीक्षाभूमी रंगवणारे कितीतरी पेंटर कोणत्याही कलाशाळेत गेलेले नाहीत. त्यांना कुणी 'भोळे' म्हणण्याआधी, आणि त्या भिंती पडण्याआधी, त्या चित्रांचे फोटो घ्या, चित्रकारांची नावे नोंदवा. ती नोंद दुसरे कोणी करणार नाही.

जय भीम!