शिवारातील बांध आणि ताली : थोडा इतिहास

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत शेताच्या बांधांवर लेख कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण पाहावे. श्री. अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून गावी परतले, तेव्हा त्यांनी प्रथम हाती घेतले ते यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराचे काम. त्या मंदिराची लाकडे दारूच्या भट्टीत जळाली होती. त्यांनी पदरची पुंजी घातली, ती पाहून ग्रामस्थ श्रमदानास आले, आणि मंदिरापाशी जमलेली तीच माणसे पुढे नालाबंडिंग, पाझर तलाव व समपातळी चरांच्या कामास लागली. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नाही.

माती धरून ठेवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. डोंगरउतारावर दगडाच्या ताली रचून एकेक पट्टी तयार करणारे आपले पूर्वज काही शाळेत गेले नव्हते. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारला सुचविले होते की, लष्करातील व पोलिसांतील माणसांकडून जागोजागी ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. ही सूचना सरकारने तेव्हा मनावर घेतली असती तर!

पुढे १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले, आणि १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. त्यानुसार समपातळी बांध पडू लागले. मात्र समपातळीची रेघ जमिनीच्या चढउतारावरून जाते, सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून नव्हे. एकाच्या वावराचे त्यामुळे दोन तुकडे होत, औत फिरविणे अवघड होई. शिवाय भारी काळ्या जमिनीत बांधाशी पाणी साचून पीक पिवळे पडे, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटे. म्हणून पुष्कळांनी ते बांध नांगरून टाकले. यात केवळ शेतकऱ्यास दोष देणे योग्य होणार नाही. हलक्या जमिनीचा उपाय भारी जमिनीवर लादला गेला होता. अशा जमिनीस ढाळीचा बांध व दगडी सांडवा लागतो.

१९७२ च्या दुष्काळाविषयी घरोघरी वडीलधारी मंडळी आजही सांगतात. लाखो लोक दुष्काळी कामांवर होते. आयाबाया खडी फोडीत, पाट्या वाहून पाझर तलाव व ताली बांधीत, मुलांना सुकडी मिळे. त्याच अनुभवातून श्री. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना पक्की झाली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पोट भरले, कामेही झाली, पण ‘बांध सरकारचा’ ही भावना राहून गेली.

ती भावना जेथे गेली, तेथे फळ दिसले. हिवरे बाजार येथे १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून डोंगरावर चर खोदले गेले, आणि ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके गावाने स्वतःहून वर्ज्य केली.

आता पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. आठवडेच्या आठवडे उघडीप, आणि मग एका रात्रीत ओढे भरून वाहतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अशा पावसाला उघडे रान म्हणजे मोकळी वाटच. म्हणून मराठवाडा-विदर्भात सोयाबीन रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरू लागले आहेत. जादा पाणी सरीतून निघून जाते व उघडीप पडली तरी वरंब्यात ओल टिकते.

आमच्या कचेरीत मात्र अद्याप बांध कोरल्याच्याच तक्रारी जास्त येतात. ट्रॅक्टर आल्यापासून दरसाल वीतभर बांध आत सरकतो. भाऊ भावाविरुद्ध अर्ज देतो, मोजणीचे पैसे भरतो, पण त्या बांधावरून किती माती वाहून गेली याचा उल्लेख अर्जात कधी नसतो. ती माती खालच्या तलावात जाऊन बसते. २०१७ साली सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तोच गाळ शेतकऱ्यांनी ट्रॉलीचे भाडे भरून आपल्या वावरात परत आणला.