अर्धशिशीवरील अल्पछेदी उपचार व शस्त्रक्रिया

अर्धशिशी (मायग्रेन) हा चेतासंस्थेचा विकार असून त्यावर प्रामुख्याने औषधांनी उपचार केले जातात. ज्यांना औषधे लागू पडत नाहीत किंवा सोसत नाहीत, अशा रुग्णांसाठी दोन मार्ग उरतात : सुईने वा नलिकेने केले जाणारे अल्पछेदी उपचार आणि त्वचा उघडून स्नायू व मज्जातंतूंवर केली जाणारी शस्त्रक्रिया. पहिल्यातील बहुतेक उपचारांचा परिणाम काही काळाने ओसरतो; दुसऱ्यात काढून टाकलेला स्नायू परत बसवता येत नाही.

अल्पछेदी उपचार

यांपैकी सर्वाधिक पुरावा बोट्युलिनम टॉक्सिनच्या (बोटॉक्स) बाजूने आहे. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखणे आणि त्यांतील किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असणे, अशी स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास तिला दीर्घकालीन अर्धशिशी म्हणतात. अशा रुग्णांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये या औषधास मान्यता दिली. दर १२ आठवड्यांनी कपाळ, कानशिले, डोक्याचा मागचा भाग, मान व खांदे येथील ३१ ठिकाणी मिळून १५५ एकक औषध टोचतात. 'प्रीएम्प्ट' या दोन चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांत डोकेदुखीचे दिवस महिन्याला सरासरी ८.४ ने घटले. मात्र औषधविरहित द्रावण टोचलेल्यांतही ते ६.६ ने घटले. फायदा खरा आहे, पण माफक.

मानेच्या वरच्या भागातून टाळूकडे जाणाऱ्या मज्जातंतूभोवती स्थानिक भूल, कधी स्टेरॉइडसह, टोचण्याचा उपचार सोपा व स्वस्त असला तरी त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मजात छिद्र नलिकेद्वारे बंद केल्यास अर्धशिशी थांबेल, अशीही अपेक्षा होती. ब्रिटनमधील 'मिस्ट' चाचणीत (२००८) छिद्र बंद केलेल्या ७४ पैकी ३ आणि न केलेल्या ७३ पैकी ३ रुग्णांचीच डोकेदुखी थांबली.

शस्त्रक्रिया

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील प्लास्टिक सर्जन बहमन गुयुरॉन यांच्याकडे कपाळाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांनी अर्धशिशी कमी झाल्याचे सांगितले. त्यावरून भुवया आक्रसणारे स्नायू काढणे, कानशिलातील मज्जातंतूचा भाग काढणे, मानेतील मज्जातंतू मोकळा करणे किंवा नाकाचा पडदा सरळ करणे, अशा शस्त्रक्रिया विकसित झाल्या. यांमागे डोक्याच्या पृष्ठभागावरील मज्जातंतूंवर पडणारा दाब झटक्याला चालना देतो, हे गृहीतक आहे. अनेक मेंदूविकारतज्ज्ञांना ते मान्य नाही.

गुयुरॉन यांनी २००९ मध्ये ७५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. ४९ जणांवर खरी, तर २६ जणांवर केवळ देखाव्याची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे छेद घेतला, पण स्नायू व मज्जातंतू तसेच ठेवले. वर्षभरानंतर खऱ्या गटातील ५७.१ टक्के रुग्णांची अर्धशिशी पूर्ण थांबली होती, तर देखाव्याच्या गटात हे प्रमाण ३.८ टक्के होते. मात्र त्रास निम्म्याने तरी कमी झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८३.७ आणि ५७.७ टक्के होते. नुसत्या छेदानेही निम्म्याहून अधिक रुग्णांना बरे वाटले, ही बाब केवळ रुग्णांच्या अनुभवकथनावर आधारलेल्या दाव्यांकडे सावधपणे पाहायला लावते. शिवाय स्नायू काढलेल्या रुग्णाला कपाळाला आठ्या घालता येत नाहीत. त्यामुळे आपण कोणत्या गटात आहोत, हे तो ओळखू शकतो. शस्त्रक्रियेनंतर बधिरपणा, खाज किंवा छेदाजवळ केस गळणे असे त्रास संभवतात.

अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१३ मध्ये, संशोधन-चाचणीबाहेर ही शस्त्रक्रिया सुचवू नये, असा सल्ला दिला. तरीही काही प्लास्टिक सर्जन ती करतात; बोटॉक्सने किंवा स्थानिक भुलीने तात्पुरता आराम पडतो का, हे पाहून ते रुग्ण निवडतात.